कॅसेटमध्ये नसलेला तुकडा

इथले अनुभव मी नियमित वाचतो, आणि खरं सांगायचं तर वाचता वाचता मनात प्रत्येकाचं उत्तर शोधत असतो. वारा असेल, मांजर असेल, झोपेतला भास असेल... माझा स्वभावच तसा. बाहेरचं, लागीर, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. पण एका गोष्टीचा ताळमेळ मला इतक्या वर्षांत लावता आलेला नाही. त्यात भिण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. भुताच्या अपेक्षेने वाचणाऱ्यांची निराशा होईल.

साल १९९९. गाव चोपडा तालुक्यातलं, घरी केळी आणि थोडा कापूस. मी जळगावला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो, शनिवार-रविवारी घरी यायचो. घरात आबा म्हणजे माझे वडील, माय, आणि धाकटी बहीण नंदा. नंदा तीन वर्षांची असताना तिला मोठा ताप आला, त्यात दोन्ही कान गेले. ओठ बघून तिला बरंच समजायचं. बोलायची हातांनी, आणि ती भाषा आम्हा घरच्यांनाच यायची.

आता गाण्यांबद्दल. जळगावच्या माझ्या मित्राचा, हेमंतचा, मोठा भाऊ परदेशात नोकरीला होता. त्याने काही सीडी आणल्या होत्या. डार्क प्रोग्रेसिव्ह हाउस हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शब्द जवळजवळ नाहीत, खाली सतत एक जड ठोका, आणि वर हळूहळू काहीतरी जमत जातं... अमावस्येला बांधावरून चालताना पुढचं पाऊल जपून टाकावं तसं. "हे एक गाणं नाही रे," हेमंत म्हणाला, "डीजे एकातून दुसरं काढत नेतो. पहिलं कधी संपलं ते कळायलाच नको." मी पार वेडा झालो. ठोके मोजत ऐकायचो. चार-चार ठोक्यांचे आठ गट झाले की काहीतरी बदलणार, हे कळायला लागल्यावर तर जास्तच.

त्यातली एक सीडी हेमंतने मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिली. ए बाजू संपत आली आणि नेमका तो फोन घ्यायला गेला. परत येऊन त्याने कॅसेट उलटली, पुन्हा रेकॉर्ड दाबलं. सीडी मात्र मधल्या वेळात चालूच राहिली होती. एरवीची गाणी असती तर पुढच्या गाण्यापासून घेतलं असतं. इथे कुठे थांबायचं? "थोडं गेलं मधलं," तो म्हणाला. "कुणाला कळतंय? सगळं सारखंच तर आहे!" मी स्वतः सीडी सुरुवातीची थोडीशीच ऐकली होती. त्यामुळे काय गेलं ते मलाही माहीत नव्हतं.

घरी टेपला मी मोठा स्पीकर जोडला होता, आणि तो मातीच्या माठाच्या तोंडावर उपडा बसवला होता. तेव्हा बऱ्याच घरांत असं करायचे, माठात आवाज घुमतो. एका दुपारी ही कॅसेट लावली तर नंदा आली, माठाला हात लावला आणि दचकून मागे झाली. मग खाली बसली आणि तिने माठाला चक्क दोन्ही हातांनी मिठी मारली. गाल टेकवून, डोळे मिटून. बाजू संपेपर्यंत हलली नाही.

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी नसतानाही ती कॅसेट लावायची, आणि आवाज कमी ठेवायचं तिला कारणच नव्हतं. माय वैतागायची. "बहिरी ती शे, आन कान आमना फुटतस!"

पण मी पाहत होतो. तिची बोटं माठावर अचूक ठेका धरायची. माझ्या डोक्यात आलं, हिला थोडं तरी ऐकू येत असणार.

आणि तेव्हा ते फार महत्त्वाचं होतं. दोंडाईचाकडचं एक स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, चाळिशी ओलांडलेला, पहिलीची दोन मुलं. आबा वाईट नव्हते. ठार बहिऱ्या मुलीला याहून बरं स्थळ मिळणार नाही, आणि आपल्यामागे हिचं कोण, एवढीच त्यांना काळजी. मी नंदाच्या ठेक्याचं सांगितल्यावर ते म्हणाले, "धुयाले दाखाडी दिऊ. थोडं जरी ऐकाले येत व्हई, तं त्यास्ले नही सांगू. नही येत व्हई, तं मंग तू मधमा बोलानं नही."

म्हणजे सगळं त्या तपासणीवर ठरणार होतं.

धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तिला बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले. ऐकू आलं की बोट वर करायचं. आम्ही काचेतून बघत होतो. डॉक्टर आवाज वाढवत गेले. नंदा शांत बसून आमच्याकडे बघत राहिली. बोट एकदाही उचललं नाही.

"दोन्ही कानांत काहीच नाही," डॉक्टर सौम्यपणे म्हणाले. मी माठाचं सांगितलं. ते म्हणाले, तो हाताला जाणवणारा थरार. खरा आहे, पण त्याला ऐकणं म्हणता येत नाही.

परतीच्या एसटीत आबा पुढच्या बाकावर एकटेच, समोरच्या दांडीवर कोपरं टेकून वाकून बसले. मागे मी आणि नंदा. अमळनेर यायच्या आधी तिने हात पुढे करून आबांच्या पाठीवर ठेवला. समजूत घालत असेल असं मला वाटलं. मग तिची बोटं चालायला लागली.

मी लगेच ओळखलं. ए बाजूचा शेवट. माझ्या सवयीने मीही मनात मोजू लागलो. कॅसेट जिथे तुटते ती जागा आली... आणि गेली. नंदाचा हात थांबला नाही. ठोका तसाच पुढे गेला. मग अचानक तिने हात उचलला आणि हवेत तसाच धरला. संपलं असं वाटेपर्यंत धरला. मग एकाच बोटाने, अगदी हलके, एक एक ठोका. मग एकदम पूर्ण पंजा. आणि तिथून ती बी बाजूच्या सुरुवातीत शिरली, जराही न अडखळता.

"काय करी राहिनी रे हाई?" आबांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही आबा. तिचं गाणं."

पुढच्या शनिवारी आबा कामासाठी जळगावला आले. रविवारी दोंडाईचाला जाऊन होकार द्यायचा ठरला होता. मी त्यांना चहाला हेमंतकडे नेलं, आणि मला राहवलं नाही म्हणून ती सीडी लावायला सांगितली. हेमंतने थेट ए बाजूच्या शेवटाचा भाग काढला. आबा बशीतला चहा फुंकत होते. असलं संगीत त्यांनी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं, दुपारी ते शेतात असायचे.

कॅसेट तुटते ती जागा आली. आता पुढचं मला नवीन होतं. ठोका तसाच चालू राहिला.

आबांनी बशी खाली ठेवली. "आते थांबी जाई," ते म्हणाले.

थांबलं. नुसता वाऱ्यासारखा एक आवाज उरला.

हेमंत हसला. "काय काका, तुम्हीपण ऐकता वाटतं चोरून?"

आबांनी हात वर करून त्याला गप्प केलं. "आते एक बोट."

एक हलका ठोका आला. मग दुसरा.

"आते बठ्ठा हात," आबा म्हणाले, आणि सगळा ठोका एकदम कोसळला. हेमंतचं हसू गेलं होतं. तो माझ्याकडे बघत होता.

"हाई बठ्ठं तिनी मन्ही पाठवर वाजाडं व्हतं," आबा म्हणाले. चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी मायला एकच विचारलं. "तिले कोनी ईचारं का?" कुणीच विचारलं नव्हतं. ते नंदासमोर बसले, तिला ओठ दिसतील असे, आणि त्या माणसाबद्दल सावकाश सगळं सांगितलं. वय, मुलं, गाव. नंदाने सगळं समजून घेतलं. मग बोटांनी नाकाखाली भली मोठी मिशी काढली, गाल फुगवून दाखवले आणि मान जोरात हलवली. नाही. माय तोंडाला पदर लावून हसायला लागली. आबा उठले, चौकातल्या एसटीडी बूथवर गेले आणि नकार कळवून आले.

मी शंका काढल्या नाहीत असं नाही. सीडी हेमंतच्या घराबाहेर कधी गेली नव्हती, आणि नंदा त्या वर्षात जळगावला आलीच नव्हती. ठोका पुढे चालू राहील, हा अंदाज कुणीही केला असता. पण ती शांतता? ते एक बोट? आबांना नंतर तसं वाटलं म्हणावं, तर ते आधी बोलले होते, आणि ते ऐकायला आम्ही दोघं होतो.

नंदा आज चोपड्यात शिवणकाम करते. नवरा तिने स्वतः पसंत केला, चांगला आहे. मध्यंतरी मी तिला हातांनी विचारलं, कॅसेटमध्ये जो तुकडा नव्हताच, तो तुला कसा माहीत? तिला प्रश्नच कळेना. तुटलं होतं कुठे, असं तिने उलट मलाच विचारलं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. फक्त पटल्याशिवाय मान्य करणार नाही, एवढं लक्षात असू द्या.