नेलपॉलिश नेणारे सर

हातात काहीही दिलं की सर ते आधी उलटं करायचे. कंगव्याचं पाकीट उलटायचे, बिलाचा कागद उलटायचे, चहा आला तर कप उचलून बशीचा तळ बघायचे. "अण्णा, वरची बाजू जगाला दाखवायला असते," म्हणायचे. "खालून बघितलं का?"

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. आता मुलगा बघतो, मी बायकांना बांगड्या भरायला तेवढा बसतो. सर गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. पेठेत तरी ते किती जणांना ठाऊक होतं? सगळे 'नेलपॉलिशवाले सर' म्हणत. हे नाव मी पाडलं.

संशयी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलेली असतात. कुणाचा दूधवाल्यावर संशय, कुणाचा भाडेकरूवर, कुणाचा सुनेवर. सरांचा संशय निराळ्या जातीचा. त्यांचा दगडांवर असायचा.

एकदा सांगोल्याकडचे एक शेतकरी त्यांना शोधत माझ्या दुकानाशी आले. विहीर खोल करताना निघालेला एक दगड पिशवीतून काढला. पांढरट दगडावर काळं, नाजूक नेच्याचं झाड उमटलेलं. फांद्या, फांद्यांना फांद्या. मी हातच जोडले. सर माझ्याच काउंटरवर भिंग काढून बसले.

"झाड नाही हे."

"आवो, आसं कसं? धडधडीत दिसतंय की!"

"दिसतंय म्हणूनच संशय. ह्याला देठ कुठंय? पानाला शीर कुठंय? दगडाच्या चिरेत पाणी मुरतं, त्यातलं खनिज असं फाटे फोडत पसरतं. भल्याभल्यांना फसवलंय ह्यानं."

शेतकऱ्यांनी दगड उचलून हातात घेतला. "सर, तुमी तर देवाची मूर्ती बी उलटी करून बगाल."

"कुणी आणून दिली तर बघीन की."

"बरं, मग आमच्या मंडळींना सांगू नका. त्यांनी कुंकू लावलंय ह्याला."

"दिसलं मला," सर म्हणाले. "खालच्या बाजूला सांडलंय."

पुढं बाटल्या सुरू झाल्या. बिनरंगी नेलपॉलिश. चमकीवाली दाखवली तर नको, गुलाबी झाक असलेली दाखवली तर नको. बाटली उजेडात उलटी धरून तळाशी काही बसलंय का ते बघायचे. एकटा म्हातारा पुरुष नेमानं नेलपॉलिश नेतो म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं असेल, ते तुमच्याही मनात आलं असेल. कुणासाठी, हे मी त्यांना विचारलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं. "सर कुणाची नखं रंगवतात कोण जाणे!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हसलेलं गिऱ्हाईक जास्तीच्या बांगड्या भरून घेतं, हे मला वडिलांनी शिकवलेलं.

सरांच्या कानावर गेलं असावं. एके दुपारी मी दुकान बंद करत होतो, तेव्हा येऊन म्हणाले, "अण्णा, चला. कुणाची नखं रंगवतो ते दाखवतो."

त्यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. सरांनी पिंपळाचं एक पान पालथं घातलं आणि त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. वाळल्यावर चिकटपट्टी लावून तो पापुद्रा अलगद उचलला. पानाचा ठसा त्यावर उतरला होता. मी डोळा लावला. गव्हाच्या दाण्यांसारखे दाणे, प्रत्येकाला मधे चीर.

"ही पानाची तोंडं," सर म्हणाले. "शास्त्रात रंध्रं म्हणतात. ह्यातून झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं. पण तोंड उघडलं की आतलं पाणी उडून जातं. सोलापूरच्या उन्हात हे परवडतं का?"

"मग तोंडं कमी ठेवावीत की."

"उपाशी राहील. हवेत तो वायू भरपूर असेल तरच कमी तोंडांत भागतं. तो वाढला की झाड नव्या पानांवर तोंडं कमी ठेवतं."

मग त्यांनी कापसात ठेवलेली एक काळी कपची काढली. लिग्नाइट कोळशाच्या खाणीतून एका जुन्या विद्यार्थ्यानं आणलेली. पिंपळाच्या दूरच्या कुळातलं पान. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात दबलेलं, पण वरची त्वचा शाबूत. त्यावरही तीच तोंडं होती, फार विरळ.

"तेव्हाची हवा कुणी बाटलीत भरून ठेवली नव्हती, अण्णा. तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा उष्ण होती, हवेत हा वायू जास्त होता, हे असल्या पानांनाच विचारावं लागतं."

"म्हणजे सिद्धच झालं," मी म्हणालो.

सर दचकले. "कशावरून? पान उन्हातलं होतं की सावलीतलं? सावलीतल्या पानाला तोंडं मुळातच कमी. ह्या झाडाची सवय काय होती, मला काय माहीत? आधी जिवंत नातेवाइकाची सवय कळायला हवी." पिंपळाच्या पानाचं लांब टोक त्यांनी बोटानं ओढून दाखवलं. "असली टोकं पाणी निथळायला बरी. खडकात अशी पानं पुष्कळ सापडली की तिथं दाट पावसाळी रान होतं असं मानतात. उद्या कुणाला आपल्या पेठेतलं हे एकच पान सापडलं, तर सोलापुरात कोकणासारखा पाऊस पडत होता म्हणून मोकळा होईल तो! सगळ्या रानाची साक्ष घ्यायची. एका पानाची नाही."

त्यांचा जिवंत नातेवाईक म्हणजे आमच्या चौकातला पिंपळ. विद्यार्थी असताना त्यांनी त्याच्या दक्षिणेकडच्या फांदीचं पान दाबून वाळवलं होतं आणि ते अजून जपलं होतं. त्याच्यापेक्षा आताच्या पानांवर तोंडं कमी भरत होती. दुसरा कुणी पेपरात छापून मोकळा झाला असता. सरांना स्वतःवरच संशय. मधल्या काळात चौकात इमारती उठल्या, सावलीचा परिणाम असेल. दुष्काळाचा असेल. म्हणून त्याच फांदीची पानं ते दर वर्षी घेत होते. "अजून दोन पावसाळे मिळाले की मी बोलायला मोकळा," म्हणायचे. जुनं पान होतं ते ह्याच फांदीचं. दुसरं झाड धरून पहिल्यापासून सुरुवात करायला आयुष्य उरलेलं नव्हतं.

ज्या डहाळीच्या पानांचे ठसे झाडावरच घेतले तिला खूण म्हणून ते दोरा बांधत. हिरव्यात चटकन दिसावा म्हणून लाल. एवढा संशयी माणूस, पण लोक त्या दोऱ्याकडं कसं बघतील ही शंका त्यांना आली नाही. पिंपळ, त्याला लाल दोरे, पानांच्या पाठीला काहीतरी चकाकणारं, आणि बांधणारा एकटा म्हातारा. आपल्याकडं ह्याचा अर्थ काय लावतात ते तुम्हाला सांगायला नको.

दिवाळीच्या तोंडावर समोरच्या काकूंच्या नातीचा ताप उतरेना. कुणीतरी दोऱ्यांचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी सर बाटली घ्यायला आले आणि काकूंनी त्यांना माझ्या दारातच गाठलं. मागं गल्लीतली माणसं, आत दुकान बायकांनी भरलेलं.

"काय बांधलंय हो सर, झाडाला?"

"खुणा आहेत. पानांच्या."

"पानाला कशाला खूण लागती? पळून जातंय का पान?"

लोक हसले. सरही हसले, आणि तिथंच बिघडलं.

"हसू नका. माझी नात तापानं फणफणलीय तिकडं."

"रक्त तपासलं का? पाणी उकळून देता ना?"

"डॉक्टरचं डॉक्टर बघंल. तुम्ही तुमचं सांगा. पानाला काय फासता?"

"नेलपॉलिश."

"मुंज्याची नखं रंगवतंय म्हातारं!" मागून कुणीतरी ओरडलं. वाक्य माझंच होतं. गल्लीत फिरून परत आलं होतं.

सर माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. "अण्णांना मी सगळं दाखवलंय. विचारा त्यांना."

"सांगा अण्णा," काकू म्हणाल्या. "काय करतात हे?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो. "मी विकतो, एवढंच."

दोऱ्यांची फांदी तोडायचं ठरलं, पण पिंपळाला कोयता लावायला पेठेतला कुणी धजेना. मग फांद्या तारांना लागतात असं कारण काढून मोडनिंबहून माणूस आणला. त्यानं दक्षिणेकडची फांदी बुंध्यापासून उतरवली. पोरीला टायफॉइड निघाला होता, औषध लागू पडून ताप आदल्या दिवशीच उतरला होता. पण ती खेळायला बाहेर पडली ती फांदी पडल्यानंतर, आणि लोकांना तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मी "सर, गर्दी होती..." असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"अण्णा, मी सगळ्यांवर संशय घेतो. तुमच्यावर घेतला नव्हता. पद्धतीतली चूक माझी."

ते सांगोल्याला पुतण्याकडं राहायला गेले. टेम्पो आला तेव्हा हमालानं सामान भरलं, पण दाबलेल्या पानांच्या खोक्यांना हात लावेना. सर एकेक खोका पोटाशी धरून जिना उतरत होते. मी दुकानातून बघत होतो.

गेल्या वर्षी ते वारले. मी पुतण्याला फोन करून खोक्यांचं विचारलं. तो म्हणाला, "काकांनीच सांगून ठेवलंय, अर्धवट हाय, कुणाला दावू नका. लोक भलताच अर्थ काढत्यात म्हणाले."

आता मी येईल त्याला सांगतो. करणी नव्हती, देवऋषीपण नव्हतं; तो माणूस झाडाला हवेबद्दल विचारत होता. लोक ऐकून घेतात. 'अण्णाला आत्ताच का सुचलं' असं मनात म्हणतात, ते मला दिसतं.

परवा काकूंची सून बांगड्या भरायला आली. तेव्हा तापानं फणफणलेली, आता बारा-तेरा वर्षांची झालेली पोर हिचीच. तिचा हात हातात घेऊन मी सगळं सांगितलं, तोंडं, खाणीतलं पान, लाल दोरा, सगळं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"अण्णा, एवढं ठाऊक होतं, तर तेव्हा का नाही बोललात?"

मी तिला खरं ते सांगितलं. "दिवाळीचं गिऱ्हाईक होतं. दुकान भरलेलं होतं."

तिनं हात सोडवून घेतला. बांगड्या अर्ध्याच भरून झाल्या होत्या.