मुर्तिजापूरच्या साइडिंगवरची ईद

‘अकोल्यात चंद्र दिसला.’ तारेतले शब्द उतरवून मी कागद काझीसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

‘कोनं पाह्यला?’

‘तसं तारेत नाही.’

‘मंग तारेले डोये कुठी हायेत, मास्तर? तुमी खोटं सांगून नाई राहिले. पन मले मानूस पायजे.’

कापसाच्या तेजीचे ते दिवस. मी बडनेरा स्टेशनात तारमास्तर होतो. काझीसाहेब अमरावतीचे. फारसी मी त्यांच्याकडेच शिकलो, म्हणून दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून ते थेट माझ्याकडे आले होते. गेल्या महिन्यात ते वारले. तेव्हापासून हे लिहायला घेतो आणि थांबतो.

मुसलमानी महिना चंद्र पाहिल्यावर सुरू होतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर दिसली तर नवा महिना, नाहीतर तीस दिवस पुरे करायचे. गणित चालत नाही. पाहणाऱ्याने काझीसमोर उभे राहून सांगावे लागते. त्या संध्याकाळी कापसाच्या गाड्यांच्या धुळीने अमरावतीचे पश्चिमेचे आभाळ मातकट झाले होते. कोर कोणालाच दिसली नाही. रमजानातला रोजा सोडणे पाप, आणि ईदला रोजा धरणे निषिद्ध. साऱ्या गावाचे हे ओझे एका म्हाताऱ्यावर होते.

मी अकोल्याला उलट तार केली: ज्यांनी पाहिला त्यांना सकाळच्या मिक्स्ड गाडीने पाठवा. मिक्स्ड म्हणजे माणसे आणि माल एकत्र. काझीसाहेब म्हणाले, साक्षीदार उद्या दुपारच्या आत आले तर उद्याच ईदची नमाज होईल. नंतर आले तर रोजे लगेच सुटतील, पण नमाज त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सकाळी ते रोजा धरूनच फलाटावर येऊन बसले. आवारात एका कापूस कंपनीचा एजंट गाठी चढवून घेत होता. त्याचे गाडीवान बहुतेक मुसलमान. साक्षीदार वेळेवर आले तर काम थांबणार, हे त्याला कळले होते. उशिरा आले तर आजचा दिवस कामाचाच राहील, असा त्याचा हिशेब. त्याने स्टेशनमास्तरांना गाठले आणि आपली भरलेली मालगाडी आधी सोडायला लावली. रूळ एकेरी. ती पार होईपर्यंत अकोल्याची गाडी मुर्तिजापूरला साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहणार.

‘साहेब, साक्षीदार त्या गाडीत आहेत,’ मी स्टेशनमास्तरांना म्हणालो.

‘आपल्याला रूळ सांभाळायचे आहेत. चंद्र नव्हे.’

मी लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी, मागवली. मालगाडी गेली. मग मी फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन धूर बघायचो आणि परत यायचो. काझीसाहेबांचे ओठ सुकले होते.

‘बसा ना, मास्तर,’ ते म्हणाले. ‘रोजा माहा हाय का तुमचा?’

गाडी आली तेव्हा सावल्या पूर्वेला वळल्या होत्या. एक अत्तरवाला आणि एक विणकर उतरले. काझीसाहेबांनी दोघांना वेगवेगळे घेऊन विचारले: कुठे उभे होता, कोर सूर्य बुडाला त्याच्या कोणत्या अंगाला होती, टोके कुठे वळली होती. उत्तरे जुळली. त्यांनी आपला लोटा मागवला आणि पहिला घोट घेतला.

‘रोजे सोडा. नमाज उद्या.’

गाडीवानांनी तिथेच बैल सोडले. एजंट धावत आला.

‘आज काम नाही, उद्याही नाही? ईद एक असते की दोन?’

काझीसाहेबांनी दाढी पुसली. ‘ईद एकच हाय, साहेब. वरचा दिवस तुमच्या मालगाडीनं आनला.’

पुढच्या वर्षापासून एजंट स्वतः येऊन विचारायचा, साक्षीदार कोणत्या गाडीत आहेत. त्या गाडीला वाट सगळ्यांत आधी मिळायची.

परवा नव्या काझींसाठी अकोल्याची तार आली: चंद्र दिसला. मी ती उतरवून घेतली. पुढे पाठवण्याआधी अकोल्याला उलट विचारले, कोणी पाहिला?