आईची गोधडी आणि पिसवा

साताऱ्याच्या आमच्या घरात दुपार फार हळू सरकते. वरच्या खोलीतून अजिंक्यतारा दिसतो, त्याच्याकडं बघत पडलं की आपण जागे आहोत की झोपेत, हेच उमजत नाही. आई गेली त्या वर्षी दिवाळीनंतर मी सासरहून, सांगलीहून आले होते आणि अशीच पडले होते. पायाला काहीतरी टोचलं. मग पोटरीला, मग कमरेला. उठून पाहिलं, तर चादरीवर तिळाएवढा काळा ठिपका. बोट नेलं आणि तो टुणकन उडाला.

पिसू. माझ्या आईच्या घरात पिसू, म्हणजे कमाल झाली. माझं डोकंच फिरलं.

घरात आता माझे वडील, आबा, आणि आईचं मांजर, दोघंच. आबा फौजेतून रिटायर झालेले, बोलणं मोजकं. पण मांजराशी बोलायचे. चहा गार झाला, दूधवाला आला नाही, सगळं तिला सांगायचे. त्यांच्या नडग्या चावल्याच्या खुणांनी भरलेल्या, खाजवून खाजवून जखमा झालेल्या, त्यात साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय चिघळला तर महागात पडेल, मांजर देऊन टाका. हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. आबा कशाला सांगतील?

"न्हाई द्यायची ती," आबा एवढंच म्हणाले. "तुझ्या आईनं माझ्या वटीत घातलीया."

माझं सासर हळदीच्या व्यापारातलं. आमच्याकडं कापलं, खरचटलं, घसा धरला, कशावरही हळद. तेव्हा मी मांजराला हळद चोळली. बाईसाहेब पालीच्या खंडोबाच्या जत्रेतून आल्यासारख्या पिवळ्याधमक झाल्या आणि पिसवा त्या भंडाऱ्यात मजेत उड्या मारत राहिल्या. आबा गालातल्या गालात हसले. आई गेल्यावर पहिल्यांदाच हसले असतील, म्हणून मी गप्प बसले.

मग जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मांजराच्या मानेवर, तिला चाटता येणार नाही अशा जागी, औषधाचे थेंब सोडले. म्हणाल्या, "अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी अंथरुणात आणि फटींत असतात. मांजर जिथं जिथं झोपतं ते सगळं कडक गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका. आणि औषध दर महिन्याला."

घरी येऊन मी पदर खोचला. चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी, सगळं धुतलं, कोपरान्‌कोपरा झाडला. महिन्याभरानं पुन्हा आले, तर आबांच्या पायावर नव्या खुणा. मी वैतागले.

"आबा, दसरा काढला होता ना यंदा?"

आमच्याकडं नवरात्राआधी घरातलं चिंधूकसुद्धा धुऊन निघतं, त्याला दसरा काढणं म्हणतात. आई गोधड्यांचं बोचकं घेऊन आबांच्या स्कूटरवर मागं बसायची आणि माहुलीला नदीवर धुवायला जायची.

"वरीस झालं न्हाई अजून," आबा म्हणाले. "घरात सण न्हाई, मग दसरा कसला काढायचा?"

सण नसतो हे खरं, पण सुतकाच्या घरानं वर्षभर धुणं करायचं नाही असं कुणी सांगितलं? ओठांवर आलं होतं, गिळलं. आबांचा चेहराच तसा होता.

त्या दुपारी पुन्हा डोळ्यांवर पेंग आली. पापण्यांच्या फटीतून दिसलं, ते खरं की स्वप्न कळेना. आबांनी फौजेची काळी ट्रंक उघडली, आतून आईची गोधडी काढली. तिनं स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली, शेवटच्या आजारात तिच्या अंगावर होती ती. ती अंथरून आबा कुशीवर झाले. मांजर आलं, गोल फिरलं, त्यांच्या पोटाशी बसलं. उठल्यावर त्यांनी घडी घातली आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

संध्याकाळी मी म्हणाले, "आबा, ती धुवावी लागंल."

"तिचा वास हाय त्यात, पोरी."

मी गोधडी नाकाशी धरली. बाम, औषधं, तेल, आणि त्याखाली कुठंतरी आई. मला रडू आवरेना. पण गोधडी तशीच ठेवली तर मांजर जाणार होतं, नाहीतर आबांचा पाय. मांजर त्यांच्या पायाशी घोटाळत होतं. आबांनी तिच्याकडं पाहिलं आणि आत गेले.

सकाळी उठले तर बंब पेटलेला. आबांनी स्वतः घमेल्यात सोडा टाकला, गोधडी बुडवली. मी पायांनी तुडवली. मग गच्चीवर नेऊन दोघांनी दोन टोकं धरली. पीळ घातला तर दोघांचे हात एकाच दिशेला फिरले, पीळ बसेना.

"उलटा घाल," आबा म्हणाले. "तुझी आई डावरी हुती. माजा हात तिच्या हिशेबानं बसलाय."

मी उलटा घातला. पाणी धारेनं खाली सांडलं.

पिसवा काही त्याच दिवशी गेल्या नाहीत. औषध चालू राहिलं, झाडलोट चालू राहिली, मग कधीतरी त्यांची आठवणही गेली. जखमा सुकल्या, मांजर राहिलं.

पण मला आठवते ती त्या दिवसाची उतरती उन्हं. वाळलेली गोधडी आबांनी तोंडाशी धरली. कितीतरी वेळ तसेच उभे. आता आपण हे काय करून बसलो, असं मला झालं.

"दवाखाना गेला बग ह्यातला," आबा हळूच म्हणाले. "नदीवरनं येताना स्कूटरवर माझ्या मागं बसायची, तवा असाच वास यायचा."

गोधडी त्यांनी खाटेवर पसरली. ट्रंक उघडीच राहिली.