टाकीत उतरणारी माणसं

नवऱ्याला बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून येऊन बेटेगावच्या वाटेवरच्या चाळीत खोली घेतली. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. शेजारी एक नेपाळी जोडपं राहायचं. तो रंगाच्या कारखान्यात रखवालदार, ती माझ्याच वयाची. मोडक्या हिंदीतच आमची गट्टी जमली. ती सांगायची, गावात आता म्हातारे आणि बायकाच उरल्यात. इकडून पैसे जातात, घरांवर पत्रे चढतात, शेतं मात्र पडीक.

त्या कारखान्यात जमिनीखाली टाक्या होत्या. तळाचा गाळ काढायला बेटेगावची माणसं उतरायची. एकदा त्यातला एक जण आतल्या वायूने बेशुद्ध पडला. दोराने ओढून काढला म्हणून वाचला. मग सगळ्यांनी मजुरी वाढवून मागितली, तोंडाला लावायला मुखवटे मागितले. ठेकेदाराने त्यांना घरी बसवलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "तुझ्या गावचे लोक आण. तुला मुकादम करतो."

दसऱ्यानंतर चौघे आले. त्यात शेजारणीचा चुलतभाऊही होता.

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या बाईचा नवरा घरी बसलेल्यांपैकीच. ती मला म्हणाली, "आमच्या पोटावर आलं, बाय. पन त्यांचा राग नाय येत. आत काय हाय ते त्यांना कोनी सांगितलंच नाय."

मी ते शेजारणीला सांगितलं. त्या दिवसापासून ती नवऱ्याचे कपडे धुण्याआधी टाकीचा वास येतो का, हुंगून बघायची. कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला की हातातलं काम टाकून दारात यायची.

एके सकाळी चौघांतला एक तापाने पडला. "आज मीच उतरतो," म्हणून तिचा नवरा निघाला. तिने त्याचा हात धरला, त्याने तो सोडवला. तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. "दीदी, चलो."

कारखान्याच्या फाटकात तिने बसकण मारली आणि नवऱ्याच्या नावाने हाका सुरू केल्या. माणसं जमली. शेवटी तो शरमेने लाल होऊन बाहेर आला. मागून ठेकेदार हसला, "जा, बायको बोलावतेय. दुसरा उतरेल."

तो तिला समजावत होता. तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. एवढ्यात आत आरडाओरडा झाला.

चुलतभावाला बाहेर आणून सावलीत निजवलं. त्याच्या अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. तो उठला नाही.

पाय घसरला, असं कारखान्याने सांगितलं. दहन आटोपून ती सगळी गावी परत निघाली. जाताना शेजारीण माझ्यापाशी थांबली. "उसकी माँ को मैंने ही बोला था, भेज दो." एवढंच बोलली. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आठवडाभरात टाकीचं काम पुन्हा सुरू झालं. फाटकापाशी बेटेगावची माणसं रांगेत उभी होती, भाजीवालीचा नवराही. मजुरी जुनीच होती, आणि मुखवटा एकाच्याही हातात दिसला नाही.