भाताला सोकावलेलं भेकर

मंडणगडच्या वरच्या अंगाला, कातळाच्या सड्यावरच्या वाडीत हौसाने अठरा वर्षं शाळेची खिचडी शिजवली. सुरुवातीला सत्तावीस ताटं मांडायची ती. शेवटच्या वर्षी दोनच उरली. माणसं मुंबईला गेली, मुलं त्यांच्यामागे गेली, आणि एका जूनमध्ये शाळा उघडलीच नाही. नवरा आधीच वारलेला, लेक गंगा लग्न होऊन गुहागरकडे गेलेली. आता रांधायचं कुणासाठी?

उरलासुरला भात शाळेच्या कुंपणापलीकडे टाकायची हौसाची जुनी सवय. त्यावर एक भेकर यायचं, कुत्र्याएवढं रानातलं हरीण; मादी होती. शाळा बंद झाल्यावरही दोन-चार दिवस ते रिकाम्या शाळेमागे घुटमळताना दिसलं. हौसाने आपल्या घरामागच्या परड्यात, कुंपणाशी थाळा मांडला. रोज सकाळी मऊ भात, कधी कण्या, कधी बैलाच्या वाटणीतलं मूठभर खाद्य. भेकराची जात भित्री. पान वाजलं तरी कुत्र्यागत भुंकून रानात पसार व्हायचं. पण हे तिच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून खायचं. "ये गो बाय" म्हटलं की झुडपातून बाहेर यायचं. दोन वर्षं हे चाललं. वाडीतल्या बायका हसायच्या, "हौसाची दुसरी लेक आली" म्हणायच्या. हौसालाही ते आवडायचं.

मग एका सकाळी परड्यातल्या चिखलात खुणा वेगळ्याच दिसल्या. भेकराच्या पावलाची दोन नाजूक टोकं उमटायची, तिथे काठीने ओढाव्यात तशा लांब रेघा. हौसाने नीट पाहिलं. पुढच्या पायांचे खूर विळ्याच्या पात्यासारखे वाढून वर वळले होते. टाचांवर भार देत, एकेक पाऊल जपून टाकत भेकर आलं आणि थाळ्यापाशी चक्क गुडघे टेकून खाऊ लागलं. 

गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली राबून निवृत्त झालेले जैनुद्दीनभाई तिच्या ओळखीचे. तिने त्यांना बोलावून घेतलं. दाराआडून त्यांनी बराच वेळ भेकराचे पाय न्याहाळले.

"खुरकूत आसंल का वो भाय? गेल्या साली माज्या बैलाला झालीवती."

"असू शकते. खुरकुतीनंतर खूर असे वेडेवाकडे वाढतात. जन्माची खोड असली तरी वाढतात. पाय दुखावून चालणं कमी झालं, तरी झिजायचे थांबतात." मग त्यांची नजर थाळ्यावर गेली. "हा भात रोजचा?"

"दोन वर्सा झाली."

 जैनुद्दीनभाई हळूच म्हणाले, "रानातलं जनावर पाल्यावर, फळांवर जगतं, हौसाबाय. एवढं धान्य त्याला सोसत नाही. पोटात आंबतं, आणि त्याची सूज थेट खुरात उतरते. लग्नघरचा भात खाऊन पाय गेलेल्या म्हशी पाहिल्यात मी."

"म्हंजे मी केला ह्या?"

"तसं मी म्हटलं नाही." पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

त्यांनीच वनखात्याला कळवलं. वनरक्षक नम्रता आली, तिने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. जाळं टाकून धरायचं, खूर कापायचे आणि सोडून द्यायचं, असं ठरलं.

"मावशी, तुमच्याशिवाय ते कुणाजवळ येणार नाही," नम्रता म्हणाली. "हाक तुम्हीच मारा."

हौसाने भात शिजवला. हजारो वेळा केलेलं काम, पण त्या दिवशी तिने तांदूळ तीनदा धुतले. "ये गो बाय," ती म्हणाली. भेकर आलं, खुरडत, भरवशाने. त्याने तोंड खाली घातलं आणि जाळं पडलं.

ते ओरडलं तसलं ओरडणं हौसाने रानात कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांवर फडकं बांधलं, पाय धरले. मान हौसाच्या मांडीवर होती. डॉक्टरांनी सांगितलं तसे जैनुद्दीनभाई सराईत हातांनी खूर कापू लागले. एक झाला. दुसरा झाला. हौसाच्या तळव्याखाली भेकराचं काळीज धडधडत होतं, इतकं भरभर की ठोका ठोक्याला चिकटत होता. मग ते अडखळलं. थांबलं.

"भाय," हौसा म्हणाली, "नका कापू आता."

डॉक्टरांनी फडकं सोडून पाहिलं. "धास्तीने गेलं," ते म्हणाले. "या जातीचं होतं असं." पंचनामा झाला. तपासणीसाठी पोटाचे तुकडे बाटलीत घेतले, चारही पाय गुडघ्याखाली कापून पिशवीत भरले. हौसा तिथून हलली नाही.

अडीच महिन्यांनी नम्रता तपासणीचा कागद घेऊन आली आणि ओटीवर बसून तिने वाचून दाखवलं. खुरांच्या आत जुनी सूज होती. पोटाच्या अस्तरावर व्रण होते, धान्य आंबल्यावर पडतात तसे. खुरकुतीचा अंश सापडला नाही, पण तो आजार पूर्वी होऊन गेला नसेल असंही सांगता येत नव्हतं.

"नक्की कारण सांगता येत नाही म्हणतात, मावशी."

"तू लिव. हौसाच्या भातान मेला, असा लिव."

"असं लिहिता येत नाही."

"माज्या हातून शाळेतला एक पोर उपाशी गेला नाय, बाय," हौसा म्हणाली. "तोच भात व्हता."  कागदाची घडी घालून नम्रता उठली.

पौषात एक कोवळं भेकर परड्याच्या कुंपणाशी येऊन उभं राहिलं. हौसाने दगड उचलला आणि नेम धरून मारला. ते भुंकत रानात शिरलं.

आठवड्याच्या बाजारात जैनुद्दीनभाई भेटले तेव्हा तिने सांगितलं, "दगूड बरगडीत लागला वो त्येला."

"पळालं?"

"पळाला. सरळ पळाला."

"मग बरं केलंस."

हौसाने मान डोलावली. ते पुढे गेले तरी ती पिशवी हातात धरून रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली.