आठ दिवसांचं वजन

गाडीवाली वहिनी बावीस वर्षं बेटावरचा कचरा हातगाडीने ओढत होती. तेवढ्या काळात कचऱ्याच्या दोन योजना आल्या आणि दोन्ही बोंबलल्या. आधी खड्डा, मग कचरा जाळायची भट्टी. दोन्ही वेळा किती कचरा निघतो ते मोजणारे साहेब होडीने आले, आठ दिवस काट्यावर कचरा तोलला आणि आकडे घेऊन गेले. त्या आकड्यांवरून भट्टी आली ती एवढीशी! दोन वर्षांत तिने मान टाकली. मग ढीग सरकत सरकत वहिनीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकला. मेला आतून सारखा धुमसतो. सहा महिन्यांची नात त्या धुराने खोकून खोकून काळीनिळी पडायची.

आता तिसरे साहेब आले होते. आज आठवा दिवस, चारला होडी सुटणार. आणि गाडी अर्धी रिकामी!

का, ते वहिनीला पक्कं ठाऊक होतं. परका माणूस मोजायला आला की अख्ख्या बेटाला लाज वाटायची. पोती पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीघरात. साहेब गेले की बाहेर.

चौकाला लागून राहणाऱ्या काकीचं दार वहिनीने ठोठावलं. "काकी, द्या हो पोती!"

"वेड लागलंय का तुला? आपण एवढी घाण करतो हे परक्याला दाखवायचं?" काकीने दार लावून घेतलं.

वहिनीने चौकातल्या काट्यापाशी साहेबांना गाठलं. "हे निम्मंसुद्धा नाही हो."

"काट्यावर येईल तेवढंच लिहिणार, वहिनी. आकडा एवढाच राहिला तर नवी जागा मिळत नाही. आहे तोच ढीग वाढवतील, तुमच्या घराच्या बाजूने. घर पाडावं लागेल."

तीन वाजले होते. बोलावं तर बावीस वर्षांची अब्रू जाते, न बोलावं तर डोक्यावरचं छप्पर. शेवटी तिने चौकात गाडी आडवी लावली आणि माणसं जमेपर्यंत घंटा बडवली.

"ऐका! मागच्या वेळी तुम्ही लपवलंत ते लपवलंत. उरलेल्यातली अर्धी गाडी रोज टेकडीमागे मी ओतली. मी! बेटाचं नाक राहावं म्हणून! ती चिमुकली भट्टी माझ्यामुळे आली. आणि आता माझीच नात धुरात गुदमरतेय. अजून किती झाकायचं?"

मग गर्दीतून तिची सासू काठी टेकत पुढे आली.

"माझ्या पलंगाखाली तीन आहेत. उचलून आण, मला वाकवत नाही."

आपल्याच घरात! हसावं की रडावं, वहिनीला कळेना. तेवढ्यात काकीचं दार उघडलं, मग शेजारचं. आठ दिवसांचं तुंबलेलं काट्यापाशी येऊन पडायला लागलं. होडीने दोनदा भोंगा दिला. साहेबांनी हाताने थांबायची खूण केली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मागच्या वेळचं बोललात, तेही लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी. नोकरीवर येईल."

वहिनीने पुढचं पोतं काट्यावर टाकलं.

"लिहा. पण आधी हे तोला."