प्रफुल्लची स्क्रिप्ट आणि कोंडाजीमामा

प्रफुल्ल मुळात आळशी. पण त्या आळसाला तो कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणायचा. नाशिकरोडच्या एका छापखान्यात तो पत्रिका जुळवायचा. २००६ साली त्याला मजकूर लिहायचा एक एडिटर सापडला. त्यात प्लगइन टाकलं की समोरच्या मजकुरावर तिथल्या तिथे स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, चालायची. झालं! तेव्हापासून हा गडी हाताने स्वल्पविरामसुद्धा देईना.

अशात बहिणीचं, स्नेहाचं लग्न ठरलं. तिचा हट्ट एकच, कोंडाजीमामा आलेच पाहिजेत. मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले होते, पण रुसण्याची नोकरी चालूच होती. चुलतभाऊ धोंडीरामचं नाव आपल्या वर छापलं म्हणून त्यांनी घरातली दोन लग्नं बुडवली होती.

प्रफुल्लने शक्कल लढवली. निमंत्रकांची नावं जन्मतारखेप्रमाणे लावणारी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे भांडणच नको. दुसरी स्क्रिप्ट निवडलेल्या नावांआधीचं 'आयु.' काढून दिवंगतांसाठीचं 'कालकथित' लावायची. यादीत वारलेले फक्त आजी-आजोबा. दोन नावं निवडायची आणि बटण दाबायचं. प्रफुल्लने बटण दाबलं, निवडायचं तेवढं राहिलं. आणि काहीच निवडलं नाही की ते प्लगइन सगळी फाईल आपलीच समजायचं. क्षणात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस निमंत्रक कालकथित झाले. स्क्रिप्टचं काम तपासायचं कशाला, म्हणून पत्रिका छापून वाटूनही झाल्या.

"मेल्या, मलापण मारलंस? मग ही भाकरी कोण थापतंय?" आई लताबाई ओरडल्या.

स्नेहा मात्र रडायलाच लागली. "आता कसले येतात मामा!"

प्रफुल्लला मनापासून लाज वाटली. माफी मागायला तो चपला घालतोय, तोच मामा पत्रिका घेऊन दारात उभे.

"मामा, चुकलो. तुम्हाला जिवंतपणी..."

"ते ऱ्हाऊ दे. मेलो त्याचं काय नाय. पण मरायलाबी धोंडीराम माझ्या आधी?"

"ते आठ दिवसांनी मोठे आहेत, मामा."

मामांनी पत्रिका घडी करून खिशात घातली. "लग्न कितीला लागतंय?"

"म्हणजे येताय?" स्नेहाने डोळे पुसले.

"मंग? तो आला आन् मी नाय आलो, तर लोकं म्हनतील, कोंडाजी खरंच गेला!"

लग्नाला मामा धोंडीरामच्या तासभर आधी पोचले. हाच हिशोब बाकीच्यांनीही केला असावा, कारण यादीतले जिवंत सव्वीसच्या सव्वीस जण हजर होते. त्या घराण्यात असं कधीच घडलं नव्हतं.